जपानच्या भातकापणीला स्वयंसेवक म्हणून जाण्यापूर्वी

पत्र: मी एकोणतीस वर्षांची असून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. जपानी भाषेची एन-फोर पातळीची (पाच पातळ्यांतली खालून दुसरी) परीक्षा उत्तीर्ण झाले आहे. येत्या सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांची रजा घेऊन जपानमधील एखाद्या भातशेतीवर कापणीच्या हंगामात स्वयंसेवक म्हणून राहावे, पैसे न घेता काम करावे आणि त्या बदल्यात राहण्या-जेवणाची सोय व्हावी, असा विचार आहे. माझे वडील मूळचे माणगाव तालुक्यातले. ते म्हणतात, “गावच्या शेतात कधी विळा धरला नाहीस आणि परक्याच्या शेतावर कापणीला निघालीस! ऐन हंगामात त्यांचा खोळंबाच करशील.” मला अंगमेहनतीची सवय नाही आणि मी शाकाहारी आहे. पर्यटक व्हिसावर असे काम चालते की नाही, याबद्दलही लोक उलटसुलट सांगतात. मी जावे का? आणि गेले तर माझा तिथे खरोखर काही उपयोग होईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र कोणत्या शेतावर जायचे, याचा विचार तुम्ही आज केला आहे त्याहून पुष्कळ अधिक करावा लागेल, आणि रजेच्या तारखा आधी पक्क्या करून मग शेत शोधायचे, हा तुमच्या मनातला क्रम उलटा करावा लागेल. तुमचा तिथे उपयोग होतो की खोळंबा, हे तुमच्या अंगातल्या ताकदीपेक्षा या दोन गोष्टींवर ठरणार आहे.

वडिलांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करते, कारण जपानमधल्या बऱ्याच शेतांच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. तिथले बहुतांश भात आज कंबाईन हार्वेस्टरने कापले जाते. निइगाताच्या सपाट मैदानात किंवा अकिता प्रांतात, हाचिरोगाता सरोवराचे पाणी काढून वसवलेल्या ओगाता गावात, चौकोनी आखीव खाचरांमधून हे यंत्र फिरते, उभे पीक कापते, तिथल्या तिथे मळते, पेंढ्याचे तुकडे करून मागे टाकते आणि दाणे ट्रकमध्ये ओतते. ते दाणे त्याच दिवशी ड्रायरमध्ये जातात, कारण कापणीच्या वेळी त्यांत वीस-पंचवीस टक्के ओलावा असतो आणि तो पंधरा टक्क्यांपर्यंत उतरवल्याशिवाय भात साठवता येत नाही. ड्रायरमध्ये एका वेळी किती भात मावते, यावर दुसऱ्या दिवशी किती कापायचे ते ठरते. अशा शेतावर नवख्या माणसाच्या वाट्याला काम येते ते यंत्र वळत नाही तिथले कोपरे विळ्याने कापण्याचे, तीस-तीस किलोच्या कागदी पोत्यांची थप्पी लावण्याचे आणि झाडलोटीचे. शेतकरी वर्षभराच्या कमाईच्या ताणाखाली असतो, यंत्राच्या आसपास अननुभवी माणूस वावरला की त्याला अर्धे लक्ष तिकडे ठेवावे लागते, आणि जपानी सौजन्यामुळे तो तुम्हाला तसे कधी बोलून दाखवणार नाही. अशा मोठ्या यांत्रिक शेतावर कापणीच्या ऐन आठवड्यात जाऊ नये, असेच मी सांगेन.

परंतु डोंगरउतारावरची खाचरे, ज्यांना तिथे तानादा म्हणतात, ही अगदी वेगळी गोष्ट आहे. या शेतांचे बांध वेडेवाकडे असतात, काही खाचरे आपल्या दिवाणखान्याएवढीही नसतात, आणि कंबाईन तिथे चढवताच येत नाही. जी माणसे ती पिकवतात त्यांची वये झाली आहेत. २०२० च्या कृषिगणनेत जपानमधील मुख्यतः शेतीवर काम करणाऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे निघाले होते. मुले शहरांत आहेत, तरुण शेजारी नाही, आणि कापणी दर वर्षी ठरल्या वेळी येतेच. इथे दोन धडधाकट हात, मग ते नवखे का असेनात, खरोखर हवे असतात. कोची प्रांतातील युसुहारा या डोंगरी गावाने १९९२ साली शहरातल्या लोकांना वर्गणी घेऊन एकेका खाचराचे ‘मालक’ करून घेण्याची पद्धत सुरू केली, ती याच गरजेतून. पुढे ती देशभर पसरली. टोक्योपासून फार लांब नसलेल्या चिबा प्रांतातील ओयामा सेन्माइदा येथे केवळ पावसाच्या पाण्यावर पिकणारी सुमारे ३७५ खाचरे अशा सभासदांच्या मदतीने टिकून आहेत. मिए प्रांतात कुमानोजवळच्या मारुयामा सेन्माइदा येथे तेराशेहून अधिक खाचरे आहेत. नागानोमधील ओबासुते आणि निइगातामधील तोकामाचीच्या परिसरातही डोंगरउतारावरची शेती अजून चालू आहे. माणगावकडच्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

नोतो द्वीपकल्पाचा उल्लेख इथेच करते, कारण स्वयंसेवकाच्या मनात ते नाव हटकून येते. वाजिमा येथील शिरोयोने सेन्माइदा ही समुद्रकाठची १,००४ खाचरे १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात भेगाळली, त्या वर्षी त्यांतल्या सुमारे १२० खाचरांतच लावणी होऊ शकली, आणि त्याच सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने त्या भागाला पुन्हा झोडपले. तिथे मदत करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तिथल्या संयोजकांनी रीतसर बोलावल्याखेरीज जाऊ नये; जिथे गावकऱ्यांचीच घरे पुरती उभी राहिलेली नाहीत तिथे पाहुण्याच्या निवाऱ्याचा भार घालणे बरोबर नाही.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. डोंगरी शेतावर तुम्हाला जे करावे लागेल त्यात कापणी हा सर्वांत सोपा भाग आहे. जपानी विळा हलका आणि दातेरी असतो, आपल्याकडच्या वैभव विळ्यासारखा, त्यामुळे घाव घालायचा नसतो, आपल्याकडे ओढायचे असते. डाव्या हाताने चूड, म्हणजे एका ठिकाणी उगवलेल्या काडांचा झुबका, धरताना अंगठा वरच्या बाजूला राहील असे धरावे. मूठ उलटी झाली की अंगठा विळ्याच्या वाटेत येतो आणि नवख्या माणसांच्या जखमा बहुतेक तिथेच होतात. जमिनीपासून मूठभर उंचीवर कापायचे, तीन-चार चुडांचा एक हात, म्हणजे जुडी, करायचा, आणि असे हात एकमेकांवर थोडे तिरपे ठेवत जायचे, म्हणजे बांधणाऱ्याला उचलणे सोपे जाते. पेंढी बांधायला मागच्या वर्षीचा, किंचित भिजवून मऊ केलेला पेंढा वापरतात. त्याची गाठ मारत नाहीत. दोन्ही टोके एकत्र पिळून त्या वेढ्याखालीच खोचतात.

खरी कसोटी आहे ती या बांधण्याची. ओल्या पेंढ्या लाकडाच्या किंवा बांबूच्या आडव्या दांडीवर टांगून दोन-तीन आठवडे उन्हावाऱ्यात वाळवतात. या मांडवाला बहुतेक ठिकाणी हासा म्हणतात, आणि ड्रायरमधल्या भातापेक्षा हासावरच्या भाताला चव अधिक, असे तिथले लोक मानतात. पेंढी दांडीवर टाकताना ती बरोबर मधोमध फाकवत नाहीत. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, साधारण सातास तीन, अशी फाकवतात, आणि पुढची पेंढी नेमकी उलट टाकतात. त्यामुळे पेंढ्या एकमेकींत घट्ट बसतात आणि दांडीवर जास्त मावतात. पण काड वाळले की आकसते. पहिल्या दिवशी घट्ट वाटलेली पेंढी चौथ्या-पाचव्या दिवशी सैल होते, मधली काडे निसटतात आणि लोंब्या खाली चिखलात पडतात. निइगाताच्या एका डोंगरी गावात मी एका वृद्ध बाईंना पाहिले आहे. दुपारचा चहा झाल्यावर पाहुणे मंडळी गप्पा मारत बसली, तेव्हा त्या उठून एकट्या हासाच्या कडेने चालत गेल्या, प्रत्येक पेंढीला दोन बोटांनी ओढून पाहिले, ज्या हलल्या त्या काढल्या, नव्याने पिळून बांधल्या आणि परत टांगल्या. कोणाला एक शब्दही बोलल्या नाहीत. तुम्ही पहिल्या दिवशी घाईने पन्नास पेंढ्या बांधण्यापेक्षा वीसच बांधाव्यात, पण त्या कोणाला पुन्हा सोडाव्या लागू नयेत, एवढे लक्षात ठेवले तरी तुम्ही त्या शेतावर उपयोगी ठराल.

याशिवाय मांडवाच्या दांड्या वाहून आणणे, खाली पडलेल्या लोंब्या वेचणे, वाळलेल्या पेंढ्या मळणीयंत्राला देणे, बांधावरचे गवत काढणे, पांढऱ्या छोट्या ट्रकमध्ये भारे चढवणे, वापरलेली अवजारे धुऊन पुसून जागच्या जागी ठेवणे, ही सगळी कामे आलीच. वादळ आले तर काम अधिकच वाढते. जपानमध्ये सर्वाधिक लावली जाणारी कोशिहिकारी ही १९५६ साली नोंदवलेली जात चवीसाठी नावाजलेली आहे, पण तिचे ताट उंच असल्यामुळे वारा-पावसाने ती सहज आडवी पडते. आडवे पडलेले भात ओल्या जमिनीला टेकले तर दाण्यांना लोंबीवरच मोड येऊ लागतात. सप्टेंबर हा तिथल्या वादळांचा महिना आहे, आणि अशा वेळी डोंगरी शेतकऱ्याला माणसांची गरज फार तीव्र असते.

यावरून तारखांचा प्रश्न निघतो. जपान उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेला असल्यामुळे कापणीचा हंगामही लांबतो. ओकिनावात पहिले पीक जून-जुलैमध्ये हाती येते, कोची आणि मियाझाकीकडचे लवकर येणारे भात जुलैअखेरीपासून ऑगस्टपर्यंत, चिबातले ऑगस्टच्या शेवटी, निइगातातील कोशिहिकारी सप्टेंबरच्या मध्याला, आणि ईशान्येकडील तोहोकूच्या डोंगरी भागांत व नागानोच्या उंचावर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पश्चिमेकडे ओकायामासारख्या उबदार प्रांतांत गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, जाती ऑक्टोबरमध्येही शेतात उभ्या असतात. भात निसवल्यापासून, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्यापासून, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कापणीला येते, म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत शेतकऱ्याला स्वतःलाही नेमकी तारीख सांगता येत नाही. अलीकडच्या कडक उन्हाळ्यांमुळे जुने अंदाजही पुढेमागे होतात. म्हणून तुम्ही १५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर असा सैल काळ कार्यालयात मागून ठेवावा, नागानो किंवा निइगाताच्या डोंगरी भागातले, नाहीतर तोहोकूतले शेत निवडावे, आणि यजमानांना भात निसवल्यावर पक्की तारीख कळवण्याची विनंती करावी. शेतावर असतानाही पाऊस पडला की कापणी बंद, हे गृहीत धरावे. तीन आठवड्यांतले कित्येक दिवस गोठ्यासारख्या अंधाऱ्या कोठारात पोती झटकण्यात जाऊ शकतात. त्या दिवसांत कंटाळून “मी दोन दिवस क्योतो बघून येते” असे म्हणणारा स्वयंसेवक ऊन पडते त्या दिवशी हमखास गैरहजर असतो.

व्हिसाबद्दल मी अधिक सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर ती तुमच्या एकटीची राहत नाही, यजमानांनाही अडचणीत आणते. अल्पकालीन भेटीच्या व्हिसावर जपानमध्ये मोबदला मिळणारे कोणतेही काम करता येत नाही. पैसे घेतले नाहीत म्हणजे मोबदला घेतला नाही, असे स्वयंसेवक धरून चालतात. परंतु कामाच्या बदल्यात मिळणारा निवारा आणि जेवण यांकडे मोबदला म्हणून पाहता येते, आणि तसे पाहायचे की नाही हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या हातात असते. ज्या देशांच्या तरुणांना जपान सुट्टी आणि काम एकत्र करण्याचा ‘वर्किंग हॉलिडे’ व्हिसा देतो त्यांत भारत नाही, त्यामुळे परदेशी स्वयंसेवकांचे अनुभव वाचताना ते कोणत्या देशाचे नागरिक आहेत हे आधी पाहावे. ऑस्ट्रेलियन मुलीला जे चालते ते तुम्हाला चालेलच असे नाही. १ एप्रिल २०२४ पासून भारतीयांना मिळू लागलेला ई-व्हिसा हा नव्वद दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी आहे. शेतीत रीतसर नोकरी करायची असेल तर २०१९ साली सुरू झालेला ‘विशिष्ट कौशल्य’ निवास परवाना आहे, भारताने त्याबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये केला आहे, आणि त्यासाठी भाषेची व कौशल्याची परीक्षा द्यावी लागते. पण तो तीन आठवड्यांच्या पाहुण्यासाठी नाही. “पर्यटक व्हिसावर चला, कापणीचे रोजचे एवढे येन मिळवून देतो” असे सांगणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नये.

माझा सल्ला असा की, मुंबईतील जपानी वाणिज्य दूतावासाला तुमचा बेत जसा आहे तसा, कुठलीही गोष्ट न लपवता, लेखी कळवावा, उत्तर लेखी घ्यावे आणि ते प्रवासात जवळ बाळगावे. अर्जात ‘पर्यटन’ लिहून विमानतळावर शेतावरच्या मुक्कामाविषयी गप्प राहणे, हा मार्ग अनेक जण सांगतील. तो तुम्ही घेऊ नये. स्पष्ट होकार मिळाला नाही, तर या वर्षी पैसे भरून जावे. खाचराचे सभासदत्व घेऊन कापणीच्या दिवशी हजर राहणे, शेतकऱ्याच्या घरी चालणाऱ्या निवासात पैसे देऊन राहणे, आणि गावाच्या पर्यटन केंद्राने ठेवलेल्या कापणीच्या अनुभव-कार्यक्रमात भाग घेणे, हे सगळे उघड पर्यटन आहे. विळा तोच, पेंढी तीच. फक्त तुम्ही उपकृत न राहता ग्राहक राहता, आणि त्या डोंगरी गावाला चार पैसे मिळतात. खरे सांगायचे तर पहिल्या वेळेसाठी मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, कारण त्यात न जमल्यास लवकर निघण्याचे स्वातंत्र्य तुम्हालाही राहते आणि यजमानांनाही.

दूतावासाचा होकार मिळाला तर राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम, या पद्धतीतली सर्वांत जुनी व्यवस्था म्हणजे वूफ. ती १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कोपर्ड यांनी सुरू केली. जपानमध्येही तिची शाखा आहे, वार्षिक वर्गणी भरून सभासद होता येते, आणि यजमान प्रामुख्याने सेंद्रिय शेती करणारे असतात. या पद्धतीत दिवसातले चार ते सहा तास काम अपेक्षित असते. यजमानांना लिहिताना रोजचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, खोली स्वतंत्र आहे का आणि तिला आतून कडी आहे का, घरात आणखी कोण राहते, जवळचे रेल्वे स्थानक किती दूर आहे, हे सारे आधी विचारावे. एकट्या मुलीने असे विचारणे जपानमध्ये मुळीच गैर मानले जात नाही, आणि ज्या यजमानाला ते गैर वाटेल तिथे जाऊ नये. यापूर्वी राहून आलेल्या स्त्रियांचे अभिप्राय आवर्जून वाचावेत. कापणीच्या घाईत एखाद्या दिवशी आठ तास काम झाले तर तक्रार करू नये. पण रोजच दहा तास होऊ लागले, सुट्टी पुढे ढकलली जाऊ लागली, तर तो तुमच्या जिवावर मजूर वाचवण्याचा प्रकार आहे, आणि नम्रपणे आभार मानून निघण्यात काही कमीपणा नाही.

शाकाहाराचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्याहून अवघड आहे. मांस-मासे ताटात नसले तरी मिसोच्या सारात, भाज्यांच्या रश्शात, पालेभाजीवरच्या सॉसमध्येही बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि करणाऱ्या बाईंना तो मासा वाटतच नाही. शेतीच्या घाईत त्या रोज दोन स्वयंपाक करणार नाहीत. तुम्ही पहिल्याच पत्रात “मी माशाचा अर्कही खात नाही, मात्र कोम्बू शैवालाचा अर्क चालतो, भात, तोफू, नात्तो (आंबवलेले सोयाबीन), भाज्या आणि लोणची मला पुरतात, आणि माझा स्वयंपाक मी स्वतः करू शकते” असे स्वच्छ लिहावे. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी घरच्या सर्वांसाठी तुम्ही वरण-भात आणि भाजी करणार असाल तर हा अडथळा पुष्कळसा दूर होतो. मसाल्यांची पूड सोबत न्यावी. धान्य आणि कडधान्य नेण्यावर वनस्पती-तपासणीचे नियम लागू होतात, म्हणून डाळ टोक्यो किंवा ओसाकातील भारतीय दुकानांतून घ्यावी.

शरीराची तयारी मात्र आतापासून हवी, आणि इथे वडील तुमचे सर्वांत चांगले गुरू ठरतील. जुलैमध्ये माणगावला लावणी चालू असेल. चार दिवस जाऊन चिखलात वाकून लावणीला उभ्या राहा. कमरेला आणि मांडीला काय सोसावे लागते ते कळेल. गणपतीच्या आधी आणखी एकदा जाऊन गुरांसाठी हिरवे गवत कापायला बसावे आणि वडिलांकडूनच विळ्याची ओढ शिकून घ्यावी. कोकणातले हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात सप्टेंबरच्या शेवटी कापणीला येते, तेव्हा तुम्ही बाहेर असाल. परंतु गरवे भात परत आल्यावरही शेतात उभे असेल. परक्याच्या शेतावर शिकलेला हात गावच्या भाताला लागला, तर वडिलांच्या आक्षेपातला पहिला भाग आपोआप मिटेल. गावात वापरलेली पादत्राणे जपानला नेऊ नयेत. तिथे माती आणण्यास बंदी आहे. भाताचा पेंढा आणि टरफलासकट भातही नेता येत नाही. तिकडून परततानाही वडिलांना दाखवायला म्हणून बियाण्याचे मूठभर भात पिशवीत टाकू नये. भारतात बियाणे आणायला परवाना लागतो, आणि जपानने बियाणेविषयक कायद्यात दुरुस्ती करून २०२१ पासून नोंदणीकृत जाती देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आहेत.

आजारांच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिस नवा नाही. ओल्या शेतात हाताच्या-पायाच्या जखमा उघड्या ठेवल्या तर तो जपानमध्येही होऊ शकतो. निइगाता, यामागाता, अकिता या प्रांतांत गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस पूर्वीपासून ठाऊक आहे. लांब बाह्या, रबरी बूट, हातमोजे आणि मानेभोवती पंचा, हा तिथल्या शेतकऱ्यांचा वेष उगाच नाही. बांधाच्या दगडांत मामुशी हा विषारी साप असतो, शरद ऋतूत मोठ्या गांधीलमाश्या आक्रमक होतात, आणि उत्तरेकडे अस्वले वस्तीजवळ येतात; यजमान ‘तिकडे जाऊ नका’ म्हणाले की कारण न विचारता ऐकावे. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वी घ्यावी. प्रवासविम्याची कागदपत्रे वाचताना शेतीकाम किंवा यंत्राजवळचा अपघात वगळलेला नाही ना, ते शोधावे; बऱ्याच विम्यांत ते वगळलेले असते. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगावे की तुम्ही भातशेतात काम करून आला आहात.

घरातल्या रीतीभातींचे फार दडपण घेऊ नये. अंगाला साबण लावून, स्वच्छ धुऊन मगच गरम पाण्याच्या टबात उतरायचे आणि ते पाणी सोडून द्यायचे नाही, कारण घरातले सगळे त्याच पाण्यात उतरतात. एवढे एक पाळले तरी मोठी चूक टळते. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला शेताच्या बांधावर चहा होतो. त्या वेळी हात चालू ठेवून उत्साह दाखवू नये. तसे केले तर बाकीच्यांना तुमच्यासाठी उठावे लागते. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. तांदळाविषयी बोलताना थोडे जपावे, हे मात्र आवर्जून सांगते. २०२४-२५ मध्ये जपानमध्ये तांदळाची टंचाई झाली, पाच किलोच्या पिशवीचा भाव ४,००० येनच्या वर गेला, आणि सरकारला राखीव साठा बाजारात काढावा लागला. त्याआधी पन्नासेक वर्षे, २०१८ पर्यंत, त्याच सरकारने शेतकऱ्यांना भाताचे क्षेत्र कमी करायला लावले होते. तुमच्या यजमानांनी कदाचित स्वतःच्या हाताने खाचरे पडीक टाकली असतील. हा विषय त्यांनी काढला तर मन लावून ऐकावा. आपण होऊन काढू नये.

यजमानांना पहिले पत्र जून संपण्यापूर्वी जायला हवे, कारण चांगल्या डोंगरी शेतांवरच्या जागा तोवर भरत येतात. ते जपानीत लिहावे. एन-फोरच्या पातळीवर चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. पुण्यात जपानी शिकवणारे शिक्षक पुष्कळ आहेत, तुमच्या शिक्षकांकडून ते एकदा तपासून घ्यावे, पण त्यांच्याकडून नव्याने लिहवून घेऊ नये. तुम्हाला जपानी किती येते, याचा खरा अंदाज यजमानांना येऊ द्यावा. त्यात तुमचे वय, उंची, किती वजन उचलता येते, विळ्याची सवय किती आहे, आहारात काय चालत नाही, कोणत्या काळात कधीही येऊ शकता, आणि दूतावासाने व्हिसाबद्दल काय कळवले आहे, हे सारे लिहावे. ‘जपानी संस्कृतीची आवड आहे’ हे वाक्य त्यांनी फार वेळा वाचलेले असते. त्याऐवजी तुमच्या वडिलांच्या गावी भात पिकते, आणि जुलैमध्ये तुम्ही लावणीला जाणार आहात, हे लिहावे. शेतकऱ्याला त्यावरून तुमच्याविषयी जे समजायचे ते समजेल. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, कारण त्या दिवसांत तेही खाचरांतले तण काढण्यात गुंतलेले असतात. तेवढा वेळ थांबावे आणि मगच दुसऱ्या शेताला लिहावे. एकाच वेळी पाच ठिकाणी होकार मागून नंतर चार जणांना नकार कळवण्याची वेळ स्वतःवर आणू नये. विमानाचे तिकीट पक्की तारीख हाती आल्यावर काढावे, आणि परतीची तारीख बदलता येईल असेच काढावे, थोडे महाग पडले तरी चालेल.